चौथऱ्यावरचा उंदीर

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. परीक्षेच्या तोंडावर लघवीला जळजळ, चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या, तिसऱ्या रात्री छातीत धडधड आणि उडालेली झोप. आता एम.एस्सी.च्या प्रबंधात तुला लिहायचंय की, अँटिबायोटिकने आतड्यातले जिवाणू मेले आणि त्यातून चिंता उपजली. विषय सोडू नकोस, पण हे वाक्य मात्र आत्ताच खोड.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात बर्सिक आणि कॉलिन्स यांच्या गटाने केलेला २०११ चा प्रयोग मुळातून वाच. बाल्ब-सी जातीचा उंदीर जात्याच भित्रा. चौथऱ्यावर ठेवला की खाली उतरायला उगाच वेळ लावतो. अशा उंदरांना सात दिवस पाण्यातून निओमायसिन, बॅसिट्रॅसिन आणि पिमारिसिन दिलं. ही जंतू मारणारी औषधं आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाहीत. उंदीर जास्त घाबरले असतील असं तुला वाटेल, झालं उलटंच. ते धीट झाले! औषध थांबल्यावर पुन्हा पूर्वीसारखे.

मला त्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती पुढची तपासणी. तेच मिश्रण पोटाच्या पोकळीत टोचलं, तर वागणं बदललं नाही. मुळात जिवाणूच नसलेल्या उंदरांना पाजलं, तरी बदललं नाही. म्हणजे परिणाम औषधाचा नव्हे, जिवाणूंमधल्या उलथापालथीचा, हे त्यांना ठामपणे म्हणता आलं. आतडं आणि मेंदू जोडणारी व्हेगस नस कापली तरी परिणाम टिकला. त्याच वर्षी आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटाने लॅक्टोबॅसिलस गटातल्या एका उपयुक्त जिवाणूने उंदरांची भीती कमी केली, तिथे मात्र ती नस कापताच परिणाम गेला. आतड्यापासून मेंदूपर्यंत एकच वाट आहे असं धरून चालू नकोस.

आता तुझी धडधड. सिप्रोफ्लॉक्सासिन थेट मेंदूपर्यंत पोचतं आणि मेंदूला शांत ठेवणाऱ्या 'गाबा' या रसायनाच्या कामात अडथळा आणू शकतं. या गटातल्या औषधांच्या मानसिक दुष्परिणामांचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, २०१८ मध्ये अधिक कडक केला. त्यात तुझा संसर्ग, त्यात परीक्षा. त्या रात्रीचं खापर जिवाणूंवर फोडायला तुझ्याकडे पुरावा नाही, पोरी. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींत वारंवार अँटिबायोटिक घेणाऱ्यांत चिंता आणि नैराश्य जास्त आढळलं, हे खरं. पण वारंवार आजारी पडणारा माणूस तसाही काळजीत असतो.

शंका मात्र जिवंत ठेव. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबर अँटिबायोटिकं दिली. दीड महिन्यात जिवाणू बहुतांशी सावरले, तरी बहुतेकांत नऊ जाती सहा महिन्यांनंतरही सापडल्या नाहीत. मनाचं काय होतं, हे विचारायची जागा इथे आहे.

पुढे कधी डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, तर तो कोर्स भीतीपोटी परस्पर अर्धवट सोडू नकोस. असं काही झालं तर लगेच त्यांनाच फोन कर, गरज असेल तर ते औषध बदलतील. झोप अजूनही लागत नसेल, तर प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जिवाणूंच्या, पुड्या आणण्याआधी याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेट. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हवं तर मी सोबत येईन.

रविवारी आराखडा घेऊन घरी ये. त्या गोळ्यांची रिकामी पट्टी उरली असेल तर तीही आण. तिच्यावरची उभी लाल रेघ तुला दाखवायची आहे, 'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' असं सांगणारी.

तुझे सर