उबवणी यंत्रासाठी ठेव मोकळी करावी का?

प्रश्न: माझं वय 52 आहे आणि नोकरीची अजून सहा वर्षं शिल्लक आहेत. मिस्टर एक एकराची शेती बघतात, तिथे छोटं तळंही आहे. पुढच्या महिन्यात आमची मुदत ठेव पूर्ण होते. 200 अंड्यांचं उबवणी यंत्र, इन्व्हर्टर आणि पत्र्याची शेड घेऊन बदकपालन सुरू करायचा विचार आहे. त्यात ठेवीचे साठ टक्के जातील. उरलेले अडीअडचणीला ठेवू. त्याशिवाय दुसरी शिल्लक नाही. दीर निम्मे पैसे घालायला तयार आहेत. त्यांचा हिशेब असा: 200 अंड्यांतून 160 पिल्लं निघतील, बदक वर्षाला 250 अंडी देतं, त्यामुळे यंत्राचे पैसे तीन हंगामांत सुटतील. पैसे गुंतवावेत का?

उत्तर: बदकं पाळा. यंत्र मात्र आत्ता घेऊ नका, आणि साठ टक्के तर नाहीच नाही. का, ते सविस्तर सांगतो, कारण दिरांचा हिशेब गुणाकारात चुकलेला नाही. तो ज्या आकड्यांवर उभा आहे, तेच गळके आहेत.

सुरुवात यंत्रापासूनच. यंत्रावर लिहिलेली 200 ही क्षमता बहुतेक वेळा कोंबडीच्या अंड्यांची असते. बदकाचं अंडं मोठं, त्यामुळे त्याच ट्रेमध्ये 140 च्या आसपास बसतात. विक्रेत्याला हा एक प्रश्न नक्की विचारा. या 140 पैकी काही अंडी फळलेलीच नसतात, काहींतलं पिल्लू मधेच मरतं, काही तर कवच टोचून फुटायच्या बेतात असताना जातात. बदकाच्या अंड्याला 28 दिवस लागतात (मस्कोव्ही जातीला 35). एवढे दिवस तापमान साडेसदतीस अंशांवर, आर्द्रता पंचावन्न टक्क्यांच्या आसपास आणि शेवटचे तीन दिवस सत्तरच्या वर ठेवायची. त्यात वीज जाते. थोडा वेळ गार झालेलं अंडं बहुधा वाचतं. तापमान राखणारा थर्मोस्टॅट बिघडून तापलेलं मात्र काही तासांत संपतं, आणि इन्व्हर्टर त्यावर काहीच करू शकत नाही. नवख्या हाताला साठ टक्के पिल्लं निघाली तरी मी चांगलं म्हणेन. म्हणजे 84.

पहिल्या काही आठवड्यांत थंडी, ओल, उंदीर-मुंगूस यांत आठ-दहा पिल्लं जातात असं धरा. उरली 76. त्यातली निम्मी नर. अंडी देणाऱ्या माद्या: 38.

दिरांनी 160 धरल्या होत्या. उरलेले आकडे तुम्ही मनातल्या मनात बदलून घेतले असतीलच.

आता माझी एक सवय. अशा धंद्याचा हिशेब मी पैशांत न करता खाद्याच्या किलोंत करतो. भाव दर महिन्याला हलतात, बदकाचं पोट हलत नाही. शिवाय पक्षीपालनात एकूण खर्चाचा साठ-सत्तर टक्के वाटा खाद्याचाच असतो. यंत्राची किंमत डोळ्यांत भरते ती एकरकमी द्यावी लागते म्हणून. खाद्य पोत्यापोत्याने जातं म्हणून जाणवत नाही.

खाकी कॅम्पबेलसारख्या अंड्यांच्या जातीचं पिल्लू वीस आठवड्यांचं होईपर्यंत साधारण साडेबारा किलो खाद्य खातं. 38 माद्यांचे झाले 475 किलो. पुढे पिल्लं काढायची असतील तर पाच-सहा माद्यांमागे एक नर लागतो, म्हणजे सहा नर, आणखी 75 किलो. बाकीचे 32 नर आठव्या-नवव्या आठवड्यात विकले तर तोवर प्रत्येकी साडेचार किलोच्या आसपास, म्हणजे 144 किलो. एकूण 700 किलोला टेकलं: पन्नास किलोची चौदा पोती. हे सगळं पहिलं अंडं हातात पडायच्या आधी. तुमच्या साठ टक्क्यांमध्ये या चौदा पोत्यांची ओळच नाही. ती ‘अडीअडचणीच्या’ चाळीस टक्क्यांतून जाणार, हे घरात कोणी मोठ्याने बोललेलं दिसत नाही.

नरांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. सहाव्या-सातव्या आठवड्यात पिल्लांचा आवाज फुटतो. मादी मोकळ्या गळ्याने ‘क्वॅक’ करते, नराचा आवाज घोगरा, दबका निघतो. त्या आठवड्यातच नरांच्या पायात रंगीत कडी घालायची आणि गिऱ्हाईक बघायला लागायचं. ‘थोडे आणखी भरू देत’ म्हणून थांबलात तर हे 32 नर महिन्याला जवळजवळ तीन पोती फस्त करतात, आणि अंड्यांच्या जातीच्या नराचं वजन त्या मानाने वाढत नाही.

आता आवक. कागदावर 250 ते 300 अंडी असतात, ती उत्तम जात, समतोल खाद्य आणि जाणत्या हाताची. घरगुती पातळीवर पहिल्या वर्षाला मी 180 धरतो, म्हणजे महिन्याला मादीमागे पंधरा. 38 माद्यांची 570 अंडी. अंड्यावर आलेलं बदक दिवसाला 160 ग्रॅमच्या आसपास खातं. सहा नरांसकट 44 पक्ष्यांना महिन्याला 211 किलो लागतं. भागाकार करा: एका अंड्यामागे सुमारे 370 ग्रॅम खाद्य.

हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुम्हाला एका अंड्याला मिळणारा भाव 370 ग्रॅम खाद्याच्या किमतीपेक्षा कमी असेल तर धंदा रोज तोट्यात आहे, यंत्र कितीही भारी असू दे. बरोबरीत असेल तर मिस्टरांची मेहनत फुकट. समजा अंड्याला 550 ग्रॅम खाद्याइतका भाव मिळाला, तर अंड्यामागे 180 ग्रॅम सुटतं, महिन्याला शंभर किलोच्या जरा वर. त्यातून वाढीच्या काळातली चौदा पोती फिटायला सात महिने लागतात. उबवणीचा एक महिना, वाढीचे पाच आणि हे सात. नर विकून काही पैसे आले तर महिना-दोन महिने वाचतील. तरी वर्षभराने तुम्ही जिथून निघालात तिथेच पोचलेले असाल, आणि यंत्र-शेड-इन्व्हर्टरचा एक पैसाही अजून वसूल झालेला नसेल. पुढे पिसं झडण्याचा काळ येतो, तेव्हा अंडी काही आठवडे थांबतात. खाणं थांबत नाही.

तुमच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. तळं आणि शिवार आहे, त्यामुळे बदकं गोगलगायी, किडे, शेवाळ, सांडलेलं धान्य टिपून बरंचसं पोट बाहेर भरतील. समजा एक तृतीयांश खाद्य वाचलं, तर तो 370 चा आकडा 250 वर येतो आणि चित्र पालटतं. या धंद्यात तुमची खरी मालमत्ता हे तळं आहे, आणि ते तुमच्याकडे आधीच आहे. दुसरी गोष्ट अशी, की बदकं दुसऱ्या वर्षीही चांगली अंडी देतात, कोंबडीसारखी पटकन उतरत नाहीत. वाढीचा खर्च दोन वर्षांत विभागता येतो. म्हणूनच मी ‘पाळा’ म्हणतोय.

पण तळ्यालाही गळती आहे. बदकं बहुतेक सगळी अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या आत घालतात. मिस्टरांनी उजाडताच खुराड्याचं दार उघडलं तर अंडी तळ्याच्या काठी, चिखलात, झुडपात पडणार. नऊपर्यंत कोंडून ठेवायची. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

खाद्याची नासाडी हा दुसरा चोरखर्च. पिल्लू भरड्यात चोच घालतं, तोंडभर घेतं, तसंच धावत पाण्याकडे जातं आणि अर्धं तिथेच सोडतं. तासाभरात पाण्याच्या भांड्यात आंबोण झालेलं असतं आणि खालचा भुसा चिंब. पाणी तर हवंच, आणि चोच नाकपुड्यांसकट बुडेल इतकं खोल हवं. म्हणून भांड्यात खडे टाकायचे, म्हणजे पिल्लू आत बसत नाही, आणि भांडं जाळीवर ठेवायचं, जाळीखाली पसरट घमेलं. पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. ओल्या भुशावर ही ऊब राखायची म्हणजे बिल दुप्पट आणि पिल्लं आजारी.

स्वस्त खाद्याच्या मागे लागू नका. बुरशी आलेला मका किंवा पेंड बदकाच्या पिल्लाला विष आहे. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष सोसण्याची ताकद त्याच्यात फारच कमी. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले आणि बदकांची पिल्लंही गेली, तेव्हा बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीतून हे विष पहिल्यांदा ओळखलं गेलं. शिवाय कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यातलं नायसिन (एक ब-जीवनसत्त्व) बदकाला कमी पडतं, पाय वाकडे होतात; त्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळावं लागतं. हाही खर्च खाद्यातच धरा.

आणि बर्ड फ्लू. आजूबाजूला तो सापडला की निरोगी दिसणारा कळपही नष्ट करायची वेळ येऊ शकते. अंगावर येणारा असा धोका असलेल्या धंद्यात घरची एकमेव शिल्लक घालायची नसते, इतकं सरळ आहे ते.

मग करायचं काय? ठेवीतले जास्तीत जास्त पंधरा टक्के या कामाला काढा. त्यातून 25 एक दिवसाची पिल्लं आणा. किंवा घरात खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखाली आठ-दहा फळलेली अंडी ठेवून बघा. खाकी कॅम्पबेल स्वतः क्वचितच खुडूक बसते, कोंबडी मात्र बदकाचीही इमानाने उबवते. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्याला बॅटरी लावून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत, नुसतं पिवळं-साफ दिसलं तर काढून टाका. या 25 पैकी अकरा-बारा माद्या होतील आणि अंड्यावर येईपर्यंत चार-साडेचार पोती लागतील. नुसती खायची अंडी विकायची तर नर ठेवायचीही गरज नाही, तेवढं खाद्य वाचलं.

एक वही करा. रोजचं खाद्य वजन करून, रोजची अंडी मोजून, मेलेलं पिल्लू कारणासकट. मिस्टरांचे तासही लिहा. ते त्यांना आवडणार नाही, तरी लिहा. एक पूर्ण वर्ष, पिसं झडण्याच्या काळासकट. त्यानंतर मी यंत्राला हो म्हणेन, पण तीन गोष्टी वहीत दिसल्या तर: अंड्यामागचं खाद्य 300 ग्रॅमच्या खाली, ठरलेल्या भावाने दर आठवड्याला अंडी उचलणारी किमान दोन गिऱ्हाइकं, आणि एक दिवसाच्या पिल्लांची मागणी आगाऊ रकमेसह. ही तिसरी अट यंत्राची खरी परीक्षा आहे. कारण यंत्राचा पैसा अंड्यांतून नाही, पिल्लं विकूनच लवकर सुटतो. पोटातल्या बलकावर पिल्लू दोनेक दिवस काढतं, तेवढ्यात ते गिऱ्हाइकाकडे गेलं पाहिजे. बुकिंग नसताना 84 पिल्लं काढली तर तिसऱ्या दिवसापासून ती तुमचं खाद्य खातात.

उरलेल्या 85 टक्क्यांपैकी घरखर्चाचे सहा महिने भागतील इतके बचत खात्यात किंवा लगेच मोडता येईल अशा ठेवीत ठेवा. बाकीचे एकाच मोठ्या ठेवीत न घालता तीन भागांत, एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुदतीने. पहिली ठेव सुटेल तेव्हा तुमची वही वर्षाची झालेली असेल, आणि यंत्र घ्यायचं ठरलं तर ते त्याच पैशांतून घ्या.

दिरांचे पैसे आत्ता घेऊ नका. 25 पिल्लांना भागीदार लागत नाही. पुढे घेतलेत तर साध्या कागदावर लिहून घ्या: कोणी किती घातले, मिस्टरांच्या रोजच्या कामाचा मोबदला आधी वजा करून मग नफा वाटायचा, आणि कळप गेला तर तोटा कोणत्या प्रमाणात. दीर पैसे घालणार आणि मिस्टर पहाटे उठणार, हे दोन वाटे सारखे नाहीत. यावर बोलणं यंत्र घरात यायच्या आधी झालेलं बरं.