स्क्राइब की नर्सिंग असिस्टंट?

प्रश्न : माझी मुलगी येत्या मे महिन्यात जीवशास्त्राची पदवी घेईल आणि त्यापुढच्या वर्षी जूनमध्ये मेडिकल स्कूलसाठी अर्ज करील. मधल्या काळासाठी तिच्यापुढे दोन पर्याय आहेत : हृदयरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये मेडिकल स्क्राइबचे (तपासणी चालू असताना डॉक्टरांची टिपणे लिहून घेण्याचे) काम, किंवा प्रशिक्षण घेऊन रुग्णालयाच्या वॉर्डात नर्सिंग असिस्टंटचे काम. तिने दोन वर्षे प्रयोगशाळेत संशोधन केले आहे आणि दोन डॉक्टरांबरोबर शॅडोइंगही (सोबत राहून त्यांचे काम पाहणे) केले आहे. रुग्णांना अंघोळ घालणे, बेडपॅन देणे हे पदवीधर मुलीचे काम नव्हे, असे तिच्या वडिलांना वाटते. आम्ही भारतात शिकलो असल्याने इथली पद्धत आम्हाला नवी आहे. काय करावे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : भारतात नीटच्या गुणांवर प्रवेश ठरत असल्याने, प्रवेशाआधी नोकरी कशासाठी, हा प्रश्न आपल्याला पडणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेचे गुण आणि जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या गुणांची सरासरी, चांगले असले तरी तेवढ्यावर भागत नाही. आजारी माणसांच्या सहवासात राहून, ते काम कसे असते हे पाहून मुलीने हा निर्णय घेतला आहे का, हे निवड समितीला जाणून घ्यायचे असते. अर्जात जास्तीत जास्त १५ अनुभव नोंदवता येतात आणि त्यांतल्या ३ अनुभवांविषयी अधिक सविस्तर लिहिता येते. म्हणूनच कोणते काम वरच्या दर्जाचे, यापेक्षा तिच्या अनुभवात कशाची उणीव आहे, हे आधी पाहावे.

आपल्या पत्रावरून ती उणीव स्पष्ट दिसते. संशोधन आहे, डॉक्टरांचे काम जवळून पाहणेही झाले आहे. रुग्णाला प्रत्यक्ष हात लावण्याचा प्रसंग मात्र तिच्यावर अजून आलेला नाही. स्क्राइबच्या कामात शिकण्यासारखे पुष्कळ असते. रुग्ण छातीत दुखते म्हणाला की डॉक्टर पुढचे प्रश्न कोणत्या क्रमाने विचारतात, निदानापर्यंत कसे पोहोचतात, हे रोज कानांवर पडते आणि लिहून लिहून वैद्यकीय भाषा अंगवळणी पडते. परंतु तिची नजर बहुतेक वेळ संगणकावर राहील, आणि हे काम तिच्या शॅडोइंगच्याच जवळचे आहे. शिवाय संभाषण ऐकून टिपण तयार करणारी सॉफ्टवेअर आता अनेक क्लिनिकमध्ये आली आहेत; तेव्हा ही जागा वर्षभर टिकेल का, हे आधीच विचारून घ्यावे.

माझा कौल नर्सिंग असिस्टंटच्या कामाला आहे. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णाला शय्याव्रण (अंथरुणावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. दोघींनी मिळून चादरीच्या कडा धरून त्याला अलगद कुशीवर घ्यायचे, पाठीला उशी लावायची आणि टाचा गादीला टेकत नाहीत ना, हे पाहायचे. हे करत असताना कातडीवरचा लालसर डाग सर्वांत आधी तिलाच दिसेल आणि तो नर्सला सांगण्याची जबाबदारीही तिचीच असेल. रात्री तीन वाजता घाबरून बेल वाजवणाऱ्या आजोबांजवळ पहिल्यांदा तीच पोहोचेल. तिच्या वडिलांची काळजी मायेपोटी आहे, हे मी जाणतो; तरीही त्यांना एवढे सांगावेसे वाटते की, दुसऱ्याचे शरीर त्याला लाज वाटू न देता कसे हाताळावे, हे डॉक्टरलाही यावेच लागते आणि ते इथे शिकायला मिळते.

प्रशिक्षण फार लांबत नाही. १९८७ च्या संघीय कायद्यानुसार नर्सिंग होममधील सहायकांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक आहे आणि अनेक राज्यांनी ही मर्यादा वाढवली आहे. त्यानंतर परीक्षा असते. उन्हाळ्यात हे उरकले, तर जूनमध्ये अर्ज भरताना तिच्या गाठीशी कित्येक महिन्यांचे काम असेल. एमकॅट अजून द्यायची असेल, तर सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन पाळ्याच घ्याव्यात. बारा तास उभे राहून आल्यावर अभ्यास होत नाही.

स्क्राइबला एक फायदा निश्चित मिळतो : रोज सोबत काम करणाऱ्या डॉक्टरांचे शिफारसपत्र. तसे पत्र तिलाही मिळावे यासाठी तिने शॅडोइंग केलेल्या दोन डॉक्टरांपैकी एकांकडे महिन्यातून एखादा दिवस जाणे चालू ठेवावे आणि पत्राविषयी त्यांना वसंत ऋतूतच विचारावे.