टीवाय बीए, इंग्रजी स्पेशल. कामूची 'द आउटसायडर' नेमली आहे. वर्गात काही कळत नाही, वाचून नुसतं उदास वाटतं. असलं साहित्य अभ्यासायचं कसं?

टीवायला आहेस म्हणजे माझ्या भाचीच्या वयाचं कुणीतरी असणार, म्हणून 'तू' म्हणतो.

आधी त्या नोट्स मिटव. 'एलियनेशन, अ‍ॅब्सर्डिटी, मीनिंगलेसनेस' (परकेपण, विसंगती, अर्थहीनता) ही त्रिमूर्ती २००२ साली आमच्याही फळ्यावर होती. आमच्या सरांनी पुस्तक उघडायच्या आधी दोन तास अस्तित्ववादाची (जगण्याला आयता अर्थ नसतो, तो माणसाने स्वतः घडवायचा, या विचाराची) वैशिष्ट्यं उतरवून दिली. मग म्हणाले, मर्सो, म्हणजे कादंबरीचा नायक, हा भावनाशून्य माणूस. पुरावा? पहिलंच वाक्य. आज आई गेली, किंवा काल असेल, माहीत नाही. मर्सोवर पुढे खुनाचा खटला चालतो; तिथल्या सरकारी वकिलाला जे सिद्ध करायला अख्खा खटला लागतो, ते आमच्याकडे पहिल्या तासाला उरकलं.

मला मात्र त्या वाक्यावरून आमच्या घरी आलेली तार आठवली. १९९१ साल, मी तिसरीत. आम्ही पुण्यात, कसब्यात वाड्यात राहायचो, आजी बार्शीला काकांकडे. सकाळी तारवाला आला. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.' ज्यांनी तारा पाहिल्यात त्यांना माहीत आहे, 'सीरियस' म्हणजे आटोपलेलं. आई तिथेच ओट्यापाशी खाली बसली. बाबा मात्र रडले नाहीत. त्यांनी तार खिडकीशी धरली आणि ती बार्शीत किती वाजता दिली हे शोधायला लागले. मग भिंतीवरच्या कालनिर्णयकडे गेले, परत तारेकडे आले. तोंडाने पुटपुटत होते, 'म्हणजे काल की आज?'

कारण तिथी. काका सकाळी उठले तेव्हा आजी गेलेली होती. रात्री केव्हा, कुणालाच माहीत नाही, आणि मध्ये तिथी बदलत होती. षष्ठी धरायची की सप्तमी, यावरून बाबा आणि काका तेराव्याला इतके भांडले की गुरुजी चप्पल घालून दाराशी थांबले. पण माझ्या बापाला कुणी भावनाशून्य म्हटलं नाही.

मर्सोचंही तेच चाललंय रे. त्याची आई ज्या वृद्धाश्रमात होती तिथून आलेल्या तारेत वेळेबद्दल 'अंत्यविधी उद्या' एवढंच आहे. ती कधी दिली ते नाही, म्हणून तो म्हणतो की यावरून काही कळत नाही, काल असेल.

मी टीवायला असताना वाड्यातला माझा मित्र रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच शिकत होता. त्याने कादंबरीचं मूळ फ्रेंच पान आणून दाखवलं. तारेत आईसाठी शब्द आहे 'मेर', कागदोपत्री वापरायचा. मर्सो स्वतः म्हणतो 'मामाँ', घरात मुलं मारतात ती हाक. आमच्या इंग्रजी प्रतीत दोन्हीकडे 'मदर'! (१९८८च्या मॅथ्यू वॉर्डच्या अमेरिकन भाषांतरात 'मामाँ' तसंच ठेवलंय, पण ते मला फार नंतर कळलं.) मराठीत ते आपोआप नीट बसतं. तार म्हणते, 'मातोश्री कालवश. अंत्यविधी उद्या. कळावे.' आणि मर्सो म्हणतो, 'आज आई गेली.' 'वारली' नाही, 'गेली'. मी ट्युटोरियलमध्ये हे सगळं तारेसकट लिहिलं, इंग्रजीतच लिहिलं, फक्त या दोन ओळी देवनागरीत. वीसपैकी सहा. लाल शाईत शेरा: हा इंग्रजीचा पेपर आहे. स्टाफरूममध्ये विचारायला गेलो तर सर कप खाली न ठेवता म्हणाले, 'मराठी मीडियमचा हाच प्रॉब्लेम. थिंक इन इंग्लिश.'

अहो सर, कामूने तरी कुठे इंग्रजीत विचार केला होता?

असो. तुझा प्रश्न. मराठीत वाच म्हणजे अनुवाद शोध असं नाही. अडलेलं वाक्य आपल्या घरातलं कोण म्हणेल, कशा शब्दांत म्हणेल, ते करून बघ. मर्सो आईच्या शवाशेजारी दुधाची कॉफी पितो म्हणून कोर्ट खवळतं. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे चहाचा थर्मास आणतात आणि सगळे पितात. तिथेही पहारेकऱ्यानेच कॉफी देऊ केलेली असते. हे डोळ्यासमोर आलं की खटला किती हास्यास्पद आहे ते वेगळं शिकवावं लागत नाही. जोडीला नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) वाच, पुण्यातल्याच कॉलेज-होस्टेलात घडते. आणि आळेकरांचं 'महानिर्वाण' (१९७४): मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतात आणि जुन्याच स्मशानात जाळा म्हणून अडून बसतात. हे कळलं तर ते फ्रेंच प्रकरण अवघड नाही.

लेबलांच्या फार नादी लागू नकोस. मी अस्तित्ववादी नाही असं कामू स्वतः सांगायचा. ज्याला अस्तित्ववादी म्हणतात तो लेखक काफ्का १९२४ला गेला, तत्त्वज्ञ सार्त्रचं अस्तित्ववादावरचं गाजलेलं व्याख्यान १९४५चं. बेकेटचं नाटक 'वेटिंग फॉर गोदो' रंगमंचावर आलं १९५३ला आणि असल्या नाटकांना नाव देणारं समीक्षक एसलिनचं 'थिएटर ऑफ द अ‍ॅब्सर्ड' हे पुस्तक १९६१चं. म्हणजे लिहिणारे आधी, पाट्या लावणारे मागून. शिवाय वर्गात एक विचार: मर्सो ज्याला पाच गोळ्या घालतो त्या अरबाला नाव का नाही? आईसाठी न रडण्यावर एवढा खल, आणि ज्याचा खून झाला त्याची विचारपूस नाही.

उदास वाटतं म्हणतोस/म्हणतेस, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मला त्या पुस्तकाने कधी उदास केलं नाही, त्या तासांनी केलं.

आता पळवाट सांगतो. मी प्राध्यापक नाही, एमए पार्ट वनला सोडलं, बँकेत आहे. तपासणाऱ्याला व्याख्या लागतात, तेव्हा पहिल्या परिच्छेदात व्याख्या दे, मग स्वतःचं लिही. देवनागरी मात्र लिहू नकोस, तेवढं सरांचं बरोबर होतं.

तिथीचा निकाल अजून लागलेला नाही. बाबा षष्ठी धरतात, काका सप्तमी. दोन्ही दिवशी जेवायला जावं लागतं.