सांगितलं तर लिहिणं बंद होईल

‘वर्गाचा ब्लॉग आहे, मुलीचं लिखाण त्यावर जातं. धोका नाही ना?’ प्राथमिक शाळेतल्या मुलांचे पालक हल्ली हे बरेचदा विचारतात. त्यांच्यासाठी एका नऊ वर्षांच्या मुलीची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई तिला माझ्याकडे घेऊन आली ती ‘हल्ली बोलतच नाही’ म्हणून. एरवी लिहायचा कंटाळा करणारी ही मुलगी, मुंग्यांवरचा तिचा लेख वर्गाच्या ब्लॉगवर आला तेव्हापासून स्वतःहून शुद्धलेखन तपासायला लागली होती. कुणीतरी वाचतंय म्हटलं की मुलं बदलतात. मग लेखाखाली एका अनोळखी माणसाने लिहिलं, ‘छान लिहितेस. कुठल्या शाळेत आहेस? मला वेगळा मेल कर.’ तिने उत्तर दिलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. आईच्या नजरेस पडलं तेव्हा टॅब गेला, ब्लॉगवर लिहिणंही बंद.

‘आईला का नाही सांगितलंस?’ मी विचारलं.

‘सांगितलं असतं तर लिहिणं बंद झालं असतं.’

अंदाज अगदी बरोबर होता!

आईची भीती खोटी नव्हती. कौतुक, खासगी चौकशी आणि इतरांच्या नजरेआड बोलायचं आमंत्रण एकत्र आलं, की सावध व्हायलाच हवं. पण मुलीने उत्तर न देऊन योग्य तेच केलं होतं, आणि शिक्षा तिलाच झाली होती. ‘तू बरोबर वागलीस’ हे आईने तिला माझ्यासमोरच सांगितलं.

नंतर आई वर्गशिक्षिकेला भेटली. त्या मजकुराचा स्क्रीनशॉट आधी जपून ठेवला, तक्रार केली, मगच तो मजकूर ब्लॉगवरून काढला. प्रतिक्रिया थेट दिसत होत्या. आता त्या आधी बाईंकडे जातात. फोटोखाली मुलांची नावं होती, ती गेली. पण फोटोच्या फाइलला दिलेलं मुलीचं पूर्ण नाव फोटोच्या लिंकमध्ये तसंच दिसत होतं, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मोबाइलवरच्या फोटोत काढल्याची जागाही नोंदलेली असू शकते. ती आधी पुसावी. मुलांनी टोपणनावं घेतली. ही झाली ‘मुंगळा’. खातं बाईंचंच आहे आणि तेच योग्य. बहुतेक सोशल मीडियावर १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं उघडता येत नाही. मुलांच्या ऑनलाइन खासगीपणासाठीच्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापासून ही अट रूढ झाली. माझं मत विचाराल तर या वयात सगळ्या जगाने वाचायची गरजच नाही. पालक आणि दुसरा एखादा वर्ग, एवढे वाचक पासवर्ड देऊन आले तरी लिहिण्याची हौस टिकते.

अवघड भाग घरातला होता. विचित्र काही आलं तर मुलीने लगेच सांगायचं, आणि सांगितलं म्हणून टॅब काढून घ्यायचा नाही, असं ठरवायचं होतं. आई अडली ती दुसऱ्या अटीपाशी.

‘मॅडम, आणि पुन्हा असं काही आलं तर?’

‘तर तुम्हाला कळेल. या वेळी कळलं ते योगायोगाने.’

काही आठवड्यांनी एका खेळात कुणीतरी मुलीला वय विचारलं. ती टॅब घेऊन आईकडे गेली. आई आधी घाबरलीच, पण ‘बघू, दाखव’ एवढंच म्हणाली. दोघींनी मिळून त्या माणसाला ब्लॉक केलं, आणि टॅब मुलीकडेच राहिला.