आई-वडील ठणठणीत असताना कंपनीच्या मेडिक्लेमसाठी पगारातून पैसे का कापू द्यायचे?

तुमचा प्रश्न असा की कंपनी सगळ्यांच्या आई-वडिलांना ग्रुप मेडिक्लेममध्ये घेतेय, त्यासाठी प्रत्येकाच्या पगारातून कपात होणार आहे, आणि तुमचे आई-वडील तर ठणठणीत आहेत. कापू द्या. ठणठणीत आहेत तेव्हापासूनच कापू द्या.

मी भोसरीच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. आमच्याकडे हीच योजना आली, पण वाईटपणा नको म्हणून मॅनेजमेंटने ‘ज्याला हवं त्याने घ्या’ असं ठेवलं. मग काय, ज्यांच्या घरी आजारपण, त्यांनीच नावं दिली. त्यात मीही, वडिलांचं डायलिसिस सुरू होतं. अशा माणसाला नवी स्वतंत्र पॉलिसी कोण देतंय? ग्रुपमध्ये जुने आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरतात. वर्षअखेरीस हप्त्यापेक्षा क्लेमच जास्त निघाले. रिन्यूअलला विमा कंपनीने दर चढवला, तो बघून बरे आई-वडीलवाले बाहेर पडले, मग उरलेल्यांचा क्लेम रेशो, म्हणजे हप्त्याच्या तुलनेत क्लेमचं प्रमाण, आणखी बिघडला. शेवटी योजनाच गुंडाळली.

त्या काळात स्टोअर्सचा एक सहकारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, “मॅडम, तुमच्या घरच्या डायलिसिसची वर्गणी आम्ही का भरायची?” मी तिथल्या तिथे विचारलं, तुमच्या घरची दोन्ही सिझेरियन याच कंपनीच्या पॉलिसीतून झाली ना? पेढे आम्हीही खाल्ले. शॉपवरच्या बिनलग्नाच्या पोरांनी तेव्हा वर्गणीचा हिशेब मागितला होता का? तर म्हणे, “ते वेगळं.” काय वेगळं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

त्याच कारखान्यात ईएसआयसीतल्या, म्हणजे सरकारी कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या, कामगारांमध्ये हा वाद मी कधी ऐकला नाही. २०१९ पासून पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे आणि ३.२५ टक्के मालकाचे. अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात आणि त्यांना शुगर आहे म्हणून कोणाची कपात वाढत नाही. (तिथल्या दवाखान्यांच्या रांगांवर मी बोलत नाहीये, तो निराळा विषय.)

आता तुमच्या बाजूनेही थोडं. ट्रेनी आणि मॅनेजर दोघांकडून सारखीच रक्कम कापणार असतील, तर जरूर भांडा. ज्यांचे आई-वडील हयातच नाहीत, त्यांच्याकडून घेणं मलाही पटत नाही. आई-वडिलांच्या क्लेमवर दहा-वीस टक्के को-पे, म्हणजे बिलातला तेवढा वाटा आपण भरायचा, असं ठेवलं तर कुरकुरू नका, त्याने पुढचा दर आटोक्यात राहतो. त्यांची सम इन्शुअर्ड (वर्षभरात मिळू शकणारी कमाल विमा रक्कम) वेगळी आहे की तुमच्या बायकामुलांच्यातूनच कापली जाणार, हे एचआरला विचारून घ्या. जुन्या कररचनेत असाल तर ज्येष्ठ आई-वडिलांसाठी भरलेल्या हप्त्यावर करपात्र उत्पन्नातून ५०,००० पर्यंत वजावट मिळते. आणि नोकरी सुटली की हे कव्हरही सुटतं, तेव्हा आत्ता तब्येत चांगली आहे तर त्यांची एक स्वतंत्र पॉलिसीही काढून ठेवा.

ऑफिसातल्या लग्न झालेल्या मुलींनाही एक सांगा. ‘आई-वडील किंवा सासू-सासरे’ असा पर्याय असेल तर फॉर्म घरी नेऊ नका, तिथेच भरून द्या.