गोष्ट रचण्याच्या खेळातून मुलांना देवराईविषयी आपुलकी वाटू लागेल का?

वाटू शकते; मात्र मुखवटा लावून ‘झाडे वाचवा’ म्हणण्याऐवजी मुलाने देवराईतला एखादा जीव होऊन त्याची खरी अडचण त्याच्याच तोंडून मांडली पाहिजे. जोआना मेसी आणि जॉन सीड या पर्यावरण कार्यकर्त्यांनी १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात घडवलेल्या ‘सर्व जिवांच्या परिषदे’त प्रत्येक जण एखादा प्राणी, नदी किंवा डोंगर होऊन बोलतो, तीच ही वाट.

कोकणातल्या देवराईसाठी मी उंबर, त्याच्या फळात शिरून परागीभवन करणारा इवलासा कीटक आणि धनेश पक्ष्याची जोडी एवढ्याच भूमिका निवडेन. गोष्ट कितीही कल्पित असली तरी जीवनक्रम खराच हवा, हा एकमेव नियम. धनेशाची मादी अंडी घालताना ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि उरलेल्या अरुंद फटीतून नर तिला फळे भरवतो. आता जवळचा उंबर तोडला गेला असे जाहीर करावे आणि रिकाम्या चोचीने परतलेल्या नराला त्या फटीशी बोलायला लावावे. तेथे मोठ्यांनी संवाद सुचवू नयेत, शांतता लांबली तरीही.