बेडलिंग्टन टेरियर मेंढीसारखा दिसतो, मग स्वभावानेही तसाच गरीब असतो का?

नाही, दिसण्यावर जाऊ नका. हा पक्का शिकारी कुत्रा. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधल्या बेडलिंग्टन या खाणगावात खाणकामगार तो उंदीर मारायला पाळत, त्यामुळे समोरून मांजर किंवा ससा पळाला की हा मागे सुटलाच! घरात मात्र शांत आणि लाघवी. केस फारसे गळत नाहीत, पण वाढत राहतात: आठवड्यातून दोनदा विंचरा, दीड-दोन महिन्यांनी कातरून घ्या. खरी काळजी यकृताची. या जातीत यकृतात तांबे साठत जाण्याचा आनुवंशिक आजार आढळतो आणि कुत्रा बराच काळ वरून ठणठणीत दिसतो. म्हणून पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईबापांच्या डीएनए चाचणीचा अहवाल मागाच. तो चांगला आला तरी धोका कमी होतो, संपत नाही; पशुवैद्याकडून अधूनमधून रक्त तपासून घ्या.